तातीचं दुसरं टोक

रविवार, सात डिसेंबर. घाटंजी, आमच्या घराची ओसरी. सकाळचे साडेनऊ.

हजर: अब्बा, वय एक्याऐंशी, खाटेवर. धाकटा भाऊ रफीक, अर्धा हजर, कारण उरलेला अर्धा मोबाईलमध्ये. त्याची बायको शबाना, नाकावर ओढणी बांधून. आणि मी, यवतमाळहून सातच्या एसटीनं आलेली. पिशवीत वही, मोजपट्टी, कात्री, मेणाचा गोळा.

गैरहजर: खैरूफुफी, अब्बांची मोठी बहीण. आजच्या कामात खरी गरज तिचीच होती, आणि तिला जाऊन अठरा वर्षं झाली.

काम एकच. अब्बांच्या कापूस पिंजायच्या कमानीला नवी तात बसवायची. तात म्हणजे कमानीची दोरी, बोकडाच्या आतड्याची, चार पदर पिळून वाळवलेली. आमचं घर पिंजाऱ्याचं. त्या दोरीच्या आवाजावर रफीक आणि मी मोठे झालो, शिकलो, आणि दोघंही त्या आवाजापासून जमेल तितकं लांब गेलो. रफीकनं बाजारात गादीभांडार टाकलं, पिंजायचं मशीन आणलं. मी यवतमाळला मुलींच्या एका वसतिगृहाचं कोठार सांभाळते. तिथे एकशेवीस गाद्या आहेत, सगळ्या फोमच्या. त्यांना पिंजावं लागत नाही. फाटल्या की फेकायच्या आणि रजिस्टरमध्ये लाल रेघ मारायची.

कमान मात्र भिंतीवर होती. साडेपाच फूट लांब, एका टोकाला रुंद लाकडी फळी, दुसऱ्या टोकाला बारीक मान. गेली वीस वर्षं दोन खिळ्यांवर, दोरीशिवाय. पाहुणे तिला काय काय समजायचे. एकानं विचारलं होतं, घरात तंबोरा कोण वाजवतं. दुसऱ्यानं तिच्यावर सरळ टोपी अडकवली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा अब्बा तिच्याकडे बघत म्हणाले, "यंदा तुह्या अम्मीची रजई पिंजून घेतो म्हणतो."

रफीकनं मान वर न करता सांगितलं, "दुकानात पाठवा नं अब्बा. दहा मिनिटांचं काम हाये."

"तुह्यी मशीन रुईले मारते. पीठ करते तिचं."

"मंग आता कोण पिंजते हातानं?"

"मी."

यावर रफीक हसला, आणि मी हसले नाही, कारण अब्बांनी ते म्हणताना उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. पावसाळ्यापासून त्या हाताला कंप आहे. चहाची बशी खडखडते. पुढच्या हिवाळ्यात तो हात लाकडी मोगरी उचलून तातीवर मारू शकेल की नाही, हे सांगायला डॉक्टर नको. अम्मी गेल्यापासून अब्बा तीच रजई अंगावर घेतात. वीस वर्षं ती पिंजलेली नाही. आतल्या रुईच्या गाठी झाल्यात; पांघरली की अंगावर बटाटे ठेवल्यासारखं वाटतं आणि मधल्या रिकाम्या जागांतून थंडी येते. नवं ब्लँकेट त्यांनी दोनदा घडी घालून रफीकच्या दाराशी ठेवलं. कार्तिकापासून खोकतायत.

म्हणून मी वहीत लिहिलं: अब्बांची तात. या हिवाळ्यात.

लिहिणं सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात रफीकनं मासेमारीची नायलॉनची दोरी आणून कमानीला ताणली आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं, "झालं काम." अब्बांनी नखानं ती एकदा छेडली. "हे तं प्लास्टिकची बादली बोलते," म्हणाले आणि तोंड फिरवून झोपले. मग मी फोनवर सांगितलं, आतडं आण. त्यानं आणलं आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याखाली ठेवलं. शबानाचा फोन आला. 

"आपा," ती म्हणाली, "चहा कशाचा करू मी आता?"

तेव्हापासून मी सूचना तिलाच देते.

सूचना कुठून आल्या, हे सांगायला हवं. अब्बांना तात वाजवता येते, करता येत नाही. आमच्यात ते बायांचं काम. पुरुष दसऱ्यानंतर कमान खांद्यावर टाकून गावोगाव जायचे आणि घरी आले की खुंटीला नवी तात तयार लटकलेली असायची. ती कशी झाली, हे विचारायची त्यांना गरज पडली नाही. फुफी तात करायची. जवानीत विधवा होऊन भावाकडे आलेली, उंच, हाडकुळी, मनगटात एकच चांदीचं कडं. आणि फुफीच्या समोर, तातीचं एक टोक दोन्ही मुठींत धरून, वयाच्या सातव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, मी.

पाऊस ओसरला, अंगणातल्या शेवाळाला तडे गेले, की समजायचं आता फुफी खाटकाकडे निरोप धाडणार. जर्मनचा मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, परसात निघायचा. आतडी पाण्यात पडायची, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून. दुसऱ्या दिवशी त्यात चुलीची राख. मग करवंटीच्या घासून बोथट केलेल्या तुकड्यानं फुफी ती पाटावर ओढून ओढून खरवडायची. जाड, बुळबुळीत, राखाडी असं जे काही असायचं ते निघून जायचं आणि खाली उरायचं ते इतकं पातळ की त्यातून पाटाच्या लाकडाच्या रेषा दिसायच्या. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी तर निरोपाचीही गरज नसायची. गल्लीतून गंज भरून यायचे, फुफी दारात उभी राहून आतडी उजेडात धरायची आणि नापास मुलांसारखी बाजूला काढायची.

वास. तो कसा लिहावा? ओल्या राखेचा, आंबलेल्या ताकाचा, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी गोडसर, जे शाळेच्या दप्तरात, वेणीत, भाकरीच्या घासात यायचं. मी चिंचेचा पाला चोळून हात धुवायची. बाकावरची मैत्रीण तरीही दोन बोटं सरकून बसायची; तिनं कधी काही म्हटलं नाही, नुसती सरकली. त्या दोन बोटांचा मला इतका राग होता की मी दहावीला तालुक्यात तिसरी आले.

म्हणून टोक धरताना मी तोंड वळवायची. डावीकडे, परसातल्या शेवग्याकडे. फुफी चार पदर एकत्र घेऊन समोरून पीळ देत यायची आणि माझ्या मुठीत ते जिवंत असल्यासारखं फिरायचं, थंड, ओलं, घट्ट होत जाणारं. "इकडं पाह्य," ती म्हणायची. "तोंड वळवलं का हात ढिला पडते." मी हात घट्ट करायची आणि शेवग्याच्या शेंगा मोजायची. ती पुन्हा म्हणायची, "काहून व बाई, त्या झाडाले आतडी लागली का?" मी हसायची नाही. मला लवकर सुटायचं होतं.

पीळ पुरा झाला की तात ओसरीच्या भिंतीतल्या खुंटीला बांधायची, समोरच्या आडव्या बल्लीवरून पलीकडे सोडायची आणि लोंबत्या टोकाला धोंडा. गोल, काळा, नदीचा, मधे खाच असलेला. तो जमिनीला टेकेल न टेकेल असा ठेवायचा. आणि मग रोज सकाळी उठून मी बघायची: धोंडा वर चढलेला असायचा. पहिल्या दिवशी दोन बोटं, मग वीतभर, चौथ्या-पाचव्या दिवशी मांजर त्याच्याखालून ताठ शेपटीनं निघून जायचं. मला वाटायचं, फुफी रात्री उठून उचलते. लहानपणीच्या त्या घरात जी एक गोष्ट मला जादूसारखी वाटली, ती हीच.

वाळलेली तात मधाच्या रंगाची व्हायची. फुफी तिच्यावरून मेण फिरवायची, नखानं छेडायची, कान तिरका करून ऐकायची. "अजून रडते," म्हणायची. मग आणखी एक दिवस. ज्या दिवशी ती काहीच न बोलता उठून चुलीकडे जायची, त्या दिवशी तात झाली असं समजायचं.

आणि मग हिवाळाभर तो आवाज. टुंग, टुंग, आणि मधेच मोगरी नीट बसली की एक खोल धुम्म, जो कानापेक्षा छातीत आधी यायचा. गल्लीच्या तोंडाशी अब्बांनी कमान छेडली की बाया दारात गाद्या आणून टाकायच्या. वर्षभर अंगाखाली दबलेली, घामानं पिवळी पडलेली रुई तातीला लागायची आणि उडायची. अब्बांच्या पापण्या पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या, दारातली तुळस पांढरी. तासाभरानं मूठभर रुईचं टोपलंभर व्हायचं. अम्मी म्हणायची, रुईत मागच्या हिवाळ्याची ऊब कोंडलेली असते, ती मोकळी करावी लागते. अम्मी कोंडलेलं पुष्कळ काही अशाच तऱ्हेनं बोलायची.

तर माझ्या सूचना इथून आल्या. पाणी बदलणे. राख, सोडा नको. करवंटी, सुरी नको. सावलीत. शबानानं सगळं माझ्यापेक्षा चोख केलं. तीन दिवस नाकाला ओढणी बांधून, कुणाला न सांगता. गेल्या रविवारी मी आले तेव्हा गंजातलं आतडं दुधी काचेसारखं स्वच्छ होतं.

मग मी माझं काम केलं. मोजपट्टीनं कमान मोजली. दोन्ही टोकांच्या गाठींसाठी एकेक वीत धरली. वहीत आकडा लिहिला, दोनदा तपासला आणि आतड्याचे त्या मापाचे चार तुकडे कापले. उरलेलं, जे चांगलं चार-पाच हात होतं, परसात खड्डा करून पुरून टाकलं. घाण कशाला ठेवायची. पदर एकत्र केले. शबानानं टोक धरलं, मी पीळ दिला. तिनं तोंड वळवलं. रफीक फोन समोर धरून म्हणाला, "आपा, जरा हसून." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फोन खाली घेतला.

खुंटी तीच होती. बल्ली तीच. धोंडा शबानाला न्हाणीच्या मागे सापडला. बुधवारी तिचा फोन आला. "आपा, तो धोंडा आपोआप वर चढून राह्यला. वीतभर चढला."

"चांगलं लक्षण आहे," मी म्हटलं. "फुफीच्या वेळीही चढायचा."

हे वाक्य मी बोलले. कोठारात उभी राहून, हातात चादरींची यादी, मोठ्या खुशीत.

आणि आज सकाळी मी ओसरीत पाऊल टाकलं तर अब्बांनी रजई उसवून ठेवलेली. पहाटेची फज्रची नमाज झाल्या झाल्या बसले असणार. थरथरत्या हातानं, ब्लेडनं, टाका टाका. खोळ धुवायला टाकलेली, दोरीवर पाणी गळत होतं. रुई जुन्या चादरीवर ढीग करून ठेवलेली, पिवळट, गाठीगाठींची. तिला अजून थोडा खोबरेल तेलाचा वास येत होता.

"अब्बा, आधी तात तर बसू द्यायची."

"रफीकनं सांगतलं रविवारी बसते."

मी रफीककडे वळले. "मी ‘बसवून बघू’ म्हटलं होतं."

"थेच तं सांगतलं मी."

तात मात्र सुंदर झाली होती, हे मान्य करते. मधाचा रंग, एकसारखा पीळ, कुठे गाठ नाही. मी मेण फिरवलं. कमान खाली उतरवली, रफीकचं नायलॉन काढून टाकलं, वीस वर्षांची धूळ पुसली. रफीकनं रुंद टोकाला तात बांधली, मानेकडे ओढली.

"आपा, पुरत नाई."

"ओढ."

"ओढूनच राह्यलो."

"नीट ओढ, फोन खिशात ठेव."

त्यानं फोन खिशात ठेवला. ही आजच्या दिवसातली मोठी घटना. दोन्ही हातांनी ओढलं, मानेवरची शीर फुगली. चार बोटं कमी. नुसती टेकायलाच चार बोटं कमी. गाठ तर पुढची गोष्ट. मी मोजपट्टी काढली. वहीतला आकडा बरोबर होता. कमानीचं माप बरोबर होतं. तात माझ्या आकड्यापेक्षा जवळजवळ हातभर आखूड होती.

"कुणी कापली?" मी विचारलं. आवाज चढलेला होता. शबानानं हळूच माझ्या पिशवीतल्या कात्रीकडे पाहिलं.

माझी नजर कात्रीवरून धोंड्याकडे गेली. तो बल्लीखाली जमिनीवर पडला होता, काळा, गोल, मधे खाच. धोंडा वर चढायचा म्हणजे तात आखडायची. एवढंच होतं ते. पीळ लांबी खातो, वाळणं आणखी खातं, आणि फुफी म्हणूनच आतडं कधी मापानं कापत नसणार. अख्खं पिळायची, अख्खं वाळवायची, उरलेलं शेवटी कापायची. हे सगळं तिच्या टोकाला व्हायचं. आठ वर्षं मी दुसऱ्या टोकाला होते. त्या शेवग्याला दर पावसाळ्यानंतर किती शेंगा असायच्या, हे मी आजही सांगू शकते.

"फुफी कापत नव्हती," मी अब्बांना म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मले कसं माहीत असन? मी तं गावाले गेलेलो राह्यचो." ते म्हणाले. "तू होती नं तिच्याजवळ."

त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. 

रफीकनं कमान भिंतीला टेकवली. "आता दुकानात घेऊन जातो रुई. दुपारपर्यंत रजई शिवून देतो. अब्बा, आज काय पांघरता? खोळ ओली, रुई उघडी." ते खरं होतं, आणि त्याचं खरं असणं मला सहन होत नव्हतं. त्यानं चादरीची दोन टोकं उचललीसुद्धा.

"ठेव खाली," अब्बा म्हणाले. मग मला: "आण इकडं थे तात."

मी ती नेऊन दिली. त्यांनी एक टोक डाव्या मुठीत गुंडाळलं, दुसरं माझ्याकडे केलं. "धर. घट्ट." मी दोन्ही हातांत धरलं आणि मागे सरकले, ती ताठ होईपर्यंत. या वेळी मी त्यांच्या हातांकडे बघत होते. उजवा हात कापत पुढे आला, हवेत थोडा चाचपडला, आणि तातीवर आल्यावर त्याचा कंप थांबला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. नखानं त्यांनी छेडलं.

टुंग.

माझ्या मुठीतून कोपरापर्यंत, तिथून छातीत. शबानानं नाकावरची ओढणी खाली केली. अब्बांनी आणखी एकदा छेडलं, कान तिरका करून, अगदी फुफीसारखा. 

"आवाज खैरूचा हाये," ते म्हणाले. "लांबी तुह्यी हाये."

रफीक आधी हसला, मग शबाना, मग मीही. अब्बा हसले नाहीत. त्यांनी आपल्या टोकाची गुंडाळी सोडली, तात माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पुन्हा कर."

"अब्बा, त्याला परत दहा-बारा दिवस लागतील. तोवर..."

"तोवर थे ब्लँकेट घेतो. तेवढंच." आणि रफीककडे बोट: "रुईले हात लावशीन नं, तं पाह्य."

ब्लँकेट घेतो म्हणाले, याची मी वहीत वेगळी नोंद केली.

दुपारी जेवताना सगळं ठरवलं. गुरुवारी आतडं, दोन, मोठ्या बोकडाची. फ्रिज नाही. कात्री माझ्या पिशवीतच राहील. पुढच्या रविवारी पीळ, अख्ख्या लांबीचा. ओसरी पुरणार नाही, तेव्हा परसातून दारापर्यंत. बांधताना रफीक लागेल, पिळायला नको. शबाना ताटं उचलता उचलता म्हणाली, "आपा, या वेळी पीळ मी देऊ का? तुम्ही टोक धरा."

"दे. मी बघेन."

"मले सांगा मात्र, चुकलं तं."

"मला कुठे येतं," मी म्हटलं. "दोघी बघू."

साडेचारची एसटी होती. निघताना मी रुईवर दुसरी चादर टाकली, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, मांजर बसू नये म्हणून. अब्बांनी त्यातली एक वीट काढायला लावली; रुई दबते म्हणाले. तिथे त्यांनी स्वतःची चप्पल ठेवली.

बसमध्ये वही उघडली. पाणी, राख, करवंटी, पीळ, धोंडा, मेण, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. तातीपुढे खूण करायला पेन टेकवलं आणि उचललं. तिच्याखाली एक ओळ राहिली होती, दिवाळीत लिहिलेली.

अम्मीची रजई. पिंजायची आहे.